महालक्ष्म्यांचा सौदा

माझ्या सख्ख्या बहिणीने मला चारचौघांत एक वाक्य ऐकवलं होतं. ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

सासूबाई गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. ती थोरल्या भावाला, मी धाकट्याला. म्हणजे बहीणही तीच आणि जाऊही तीच. भांडायला नातं कमी पडू नये याची सोय आईवडिलांनीच करून ठेवलेली. शेत वाटून झालं, भांडी वाटून झाली आणि शेवटी देवघरातली लाकडी पेटी राहिली. तिच्यात आमच्या महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे होते, एक थोरलीचा आणि एक धाकटीचा. भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाला येणाऱ्या या दोघीही बहिणीच. मी विचारलं, "यांचं कसं करायचं?" तर अक्काने पेटी उचलून काखेत मारली आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "हिला कशाला पाहिजेत महालक्ष्म्या? हिची लक्ष्मी गल्ल्यात बसती."

लोक हसले. माझे मालकसुद्धा हसले. त्यांचं मी घरी जाऊन पाहून घेतलं. अक्काचं राहून गेलं.

आणि गल्ला तरी कुठला? तेव्हा मी साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन एसटीने बाजार करत होते. एका दिवशी जिंतूर, एका दिवशी ताडकळस. कमरेची कापडी पिशवी हाच माझा गल्ला. ऊन लागलं तर गाठोड्याच्या सावलीला बसायचं आणि पाऊस आला तर स्वतः भिजून साड्या झाकायच्या. आज परभणीत माझं दोन मजली दुकान आहे. सुरतेचा व्यापारी माझा फोन आला की आधी पाणी पितो आणि मग उचलतो, असं त्याच्याच माणसाने मला सांगितलं. हे सगळं मी कुणाच्या उपकारावर केलेलं नाही. जिभेवर केलं.

पण महालक्ष्म्या जवळ आल्या की मला दरवर्षी तोच ठसका लागायचा. परभणीतल्या निम्म्या बायका आपल्या महालक्ष्म्यांना साड्या माझ्याकडून नेतात. उभ्या महालक्ष्मीला निऱ्या कशा बसवायच्या, पदर खांद्यावर कुठे टाचायचा, हे मी काउंटरवर उभी राहून शिकवते. आणि माझ्या स्वतःच्या घरातला कोपरा रिकामा! मी आपली पूजनाच्या दिवशी अर्धा दिवस ताडकळसला अक्काकडे जायची. माझ्याबरोबर धाकटीसाठी साडी असायची, कारण मी धाकटी. थोरलीची साडी अक्का आणायची आणि ती मुद्दाम दुसऱ्या दुकानातून आणायची. मग कुणाची महालक्ष्मी जास्त शोभते यावर जेवणापर्यंत कुरबूर, जेवणावर जरा शांतता आणि संध्याकाळी मी परत दुकानात.

यंदा आषाढ संपता संपता ताडकळसची एक बाई दुकानात आली. साडी बघता बघता म्हणाली, "तुमची अक्का पुण्याला जायलीय म्हणं. पोरानं फ्लॅट घेतलाय, नातू सांभाळायला चाललीय. महालक्ष्म्या बी घेऊन जाणार म्हणं."

तिच्या पुढ्यात उलगडलेली साडी मी तशीच सोडली आणि गाडीची किल्ली घेतली.

अक्का ओसरीवर गवार मोडत बसली होती. शेजारच्या बाईही होत्या. गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून त्यांना सगळं गाव बाईच म्हणतं. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. आमच्या देवांना त्या हात जोडत नाहीत, पण अक्काच्या पुरणाला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही.

मी चपलाही न काढता विचारलं, "पुण्याला जायलीस?"

"जायलेय. नातू लहान हाय."

"जा की. मुखवटे मला दे."

"मोठ्या घराकडं असत्यात ते."

"मोठं घर कुलपात जायलंय. मग?"

"मग कुलूप लावीन आणि पेटी घेऊन जाईन."

मी खाली बसले. सौदा उभ्याने होत नाही. तिला म्हटलं, तुला पुण्याला नवे करून देते, चांदीचे, हवे तसे घडवून. ती गवार मोडत राहिली. म्हटलं, नातवाचं बारसं परभणीत माझ्या खर्चाने करते. म्हणाली, "झालंय बारसं. तू आली न्हवतीस." तो वार मी गिळला. शेवटी मी विचारलं, "मग तुला काय पाहिजे ते तरी सांग."

अक्काने पहिल्यांदा वर पाहिलं. "यंदा महालक्ष्म्यांचे तीन दिवस इथं राहायचं. पूर्ण तीन दिवस. फोन न्हाई, दुकान न्हाई, धंद्याचा एक शब्द न्हाई. निभावलंस तर दोघींना घेऊन जा परभणीला."

वर्षातला सगळ्यात मोठा धंदा त्या आठवड्यात असतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"एक दिवस," मी म्हटलं.

"तीन."

"दीड. पूजनाची रात्र धरून."

"तीन."

"अगं, खालीवर तर हो जरा! असा सौदा करत्यात का?"

"मी कुठं सौदा करायलेय? तूच करायलीस."

बाई शेंगेची शीर ओढत म्हणाल्या, "घे गं. या बाजारात दुसरं दुकान नाही."

मी घेतलं. परतीच्या वाटेवर गाडीत एकटीच ओरडत आले. हयातीत इतका वाईट सौदा मी केला नव्हता. समोरच्या माणसाला काहीच नको असेल तर त्याला धरायचं कुठे?

दुकान सुनेवर सोपवलं. तिला इतक्या सूचना केल्या की ती म्हणाली, "आई, तुमी तिकडं चाललात का तुरुंगात?" दोन साड्या दुकानातून काढल्या. या वेळी थोरलीचीही मीच घेतली. आवाहनाच्या दिवशी सकाळीच ताडकळसला पोचले.

आमच्याकडे महालक्ष्म्या कोठ्यांवर बसवतात. कोठी म्हणजे पत्र्याची कमरेएवढी पोकळ मूर्ती. तिच्यात गहू भरतात, वर मुखवटा ठेवतात आणि साडी नेसवली की बाई उभी राहते. थोरलीच्या कोठीत गहू ओतता ओतता अक्काने माझ्यापुढे हात केला. "फोन."

मी दिला. मला वाटलं कपाटात ठेवेल. तिने तो कापडात गुंडाळला, थोरलीच्या पोटात गव्हात खुपसला आणि वरून आणखी दोन शेर गहू ओतले. "आता विसर्जनापर्यंत तिला हलवता येत न्हाई," ती म्हणाली. "मागून बघ तिच्याकडं."

मग आम्ही एकेक मुखवटा हातात घेतला. तिच्याकडे थोरली, माझ्याकडे धाकटी. उंबऱ्यापासून रांगोळीच्या पावलांवरून आत निघालो. गल्लीतल्या बायका मागून विचारायच्या आणि आम्ही उत्तर द्यायचं.

"महालक्ष्मी आल्या, कशाच्या पावलांनी आल्या?"

"सोन्यामोत्याच्या पावलांनी आल्या."

"इथं काय हाय?"

"धनधान्य हाय."

स्वयंपाकघरात पोचलो. "इथं काय हाय?" अक्का म्हणाली, "दूधतूप हाय." दारातून बाई म्हणाल्या, "आणि गॅस संपत आलाय, तेही सांगा त्यांना." सगळ्या हसल्या. अक्का हसता हसता मुखवटा सांभाळत होती आणि मी हसायचं नाही असं ठरवलेलं असूनही माझा धाकटीचा मुखवटा हलत होता.

साड्या मी नेसवल्या. त्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही. धाकटीला रामा हिरवा, थोरलीला डाळिंबी. निऱ्या अशा बसवल्या की बायका हात लावून पाहायला लागल्या. अक्काने लांबून बघितलं, डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला केलं आणि म्हणाली, "बरं हाय." तिच्या तोंडून एवढं ऐकायला मला इतकी वर्षं लागली.

दुपारी आरती चालली होती आणि थोरलीच्या पोटात फोन वाजायला लागला. दबलेला, घरघर करत, गव्हातून. एका म्हातारीने घाबरून दोन्ही हात जोडले. "आई, काय चुकलं गं?" अक्काने आरती न थांबवता तिला डोळ्याने गप्प केलं. मी दात खाऊन टाळ्या वाजवत राहिले. तो सुरतवाला असणार, मला आवाजावरून कळत होतं. संध्याकाळपर्यंत अधूनमधून देवी वाजत राहिली आणि मग बॅटरी संपली. ते वाजणं बंद झालं तसं खरं सांगते, माझ्या मानेवरचं काहीतरी उतरलं. मी ते अक्काला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर अक्का देवघरात बसलेली होती. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग, डोळे उघडे आणि तिथेच लागलेले. आम्ही लिंगायत. आमच्यात मुलींनाही लिंगदीक्षा देतात. माझ्याही गळ्यात आहे. पण माझी पूजा दुकान उघडायच्या घाईत, उभ्याउभ्या, एक डोळा घड्याळावर. मी दारात उभी राहिलेली पाहून तिने आसन अर्धं सरकवलं. मी बसले. चांदीच्या डब्यातून लिंग काढून हातावर घेतलं. त्याच हाताने मी आयुष्यभर कापड मोजलं, लोकांचे हात बाजूला सारले, काउंटरवर थाप मारली. तो हात असा उघडा, न हलवता, नुसता धरून ठेवायचा. आधी बोटं वळवळली. मग थांबली. शेजारी अक्काचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी आम्ही एकाच गोधडीत झोपायचो तेव्हा येत होता तसाच. किती वेळ गेला मला माहीत नाही आणि मला विचारायचंही नव्हतं.

मग दिवसभर पळापळ. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कथली, पुरणाचे दिवे. चुलीजवळ सात-आठ जणी, एकीचं तोंड बंद नाही. कुणाचा नवरा कसा घोरतो इथपासून कुणाच्या सासूने मरताना काय मागितलं इथपर्यंत सगळं बोलून झालं. बाई पडवळ चिरत होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही देव मानत नाही आणि आमच्यापेक्षा जास्त राबता."

"देवासाठी कोण राबतंय?" त्या म्हणाल्या. "माझं माणूस गेलं त्या महिन्यात तुझ्या अक्काने माझ्या घरी चूल पेटवली. मी विचारलं होतं का तिला, तू काय मानतेस म्हणून?"

नैवेद्य वाढून झाल्यावर आमच्याकडे पडदा ओढतात. महालक्ष्म्या जेवताना त्यांच्याकडे बघायचं नाही आणि आवाज करायचा नाही. घरभर नुसती शांतता. पुरुषमाणसं अंगणात, आम्ही सगळ्या भिंतीला टेकून पडद्याबाहेर. कुणीतरी डुलकी घेतली. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं आणि हसू दाबायला सगळ्यांनी पदर तोंडाला लावले. आतून उदबत्तीचा आणि तुपाचा वास येत होता. मला वाटलं, आत खरंच दोघी बहिणी जेवायला बसल्या असतील, एकमेकींच्या पानात वाढत असतील, "घे की अजून" म्हणत असतील. एवढं समाधान मला मोठ्यात मोठ्या विक्रीच्या दिवशीही झालेलं नव्हतं. आणि हे समाधान माझ्या बहिणीने एकटीने पेटीत घालून काखेत मारलं होतं, हेही त्याच वेळी आठवलं. मी तशी आहे. माझ्या सुखातही तक्रारीला जागा असते.

संध्याकाळी हळदीकुंकू. ओसरी बायकांनी भरून गेली. एक दिवस निभावला, दुसरा सरत आला, मुखवटे माझ्या पदरात पडल्यातच जमा होते. तेवढ्यात गल्लीतली एक नवी सून धाकटीपुढे वाकली, निरीजवळ काहीतरी चाचपलं आणि म्हणाली, "काकू, हिला लेबल हाय. ही केवढ्याला?"

दुकानाचं लेबल! बिल झाल्याशिवाय लेबल काढायचं नाही, ही माझ्या हाताला लागलेली सवय. नेसवताना ते निरीत तसंच राहिलं होतं. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गिऱ्हाईकाने भाव विचारला आणि मी गप्प बसले असं कधी झालेलं नाही.

"लेबलावर नको जाऊस," माझं तोंड म्हणालं. "तुला कमीत लावून देते."

"किती कमी?"

"आधी कापड तर बघ. हे बघ, हात लाव. रंग जायचा नाही, हमी माझी." आणि मी महालक्ष्मीचा पदर सोडवून माझ्या हातावर पसरला, काउंटरवर पसरतात तसा.

ओसरी एकदम गप्प झाली. मी वळून पाहिलं. मागे अक्का कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती.

"झाला सौदा?" ती म्हणाली. "का उतरवून दिऊ तिच्या अंगावरची?"

बायका अशा हसल्या की दोघी-तिघी खालीच बसल्या. ती सून लाजून लाल झाली. मी पदर नीट टाचला, लेबल तोडलं आणि तडक मागच्या अंगणात गेले. मागे त्या आणखी मोठ्याने हसत होत्या. वाटण्यांच्या दिवशीही लोक असेच हसले होते.

अक्का मागोमाग आली. मी तिला तोंड उघडू दिलं नाही.

"हरले. ने पुण्याला. तुला हेच पाहिजे होतं ना? लोकांपुढं माझी इज्जत काढायची. तवा बी काढलीस. गल्ल्यात बसती म्हणालीस! कमरेला पिशवी बांधून उन्हात बाजार करत होते मी, तुला दिसत न्हवतं?"

"दिसत होतं," अक्का म्हणाली. "बाजारच्या दिवशी माझ्या इथंच जेवायचीस तू."

"मग?"

"मग काय! तुझं दुकान होणार, हे मला ठाऊक होतं. दुकान झालं की बाजार सुटणार. बाजार सुटला की मी बी सुटणार. पेटी तुझ्याकडं गेली असती तर तू ताडकळसला पाऊल टाकलं असतंस का? तुला बोलवायला माझ्याकडं काय हाय दुसरं? एवढ्या दोघी."

मी म्हटलं, "तसं म्हणायचं होतं. तसलं बोलायची काय गरज होती?"

"नुसतं ये म्हणलं तर तुला दुकान असतं. राग आला की तू जिथं असशील तिथून गाडी काढतीस. यंदा बी काढलीस की. पुण्याचं तुला सांगायला ती बाई मीच पाठवली होती."

मला इतका राग आला की हसूच आलं. ती जिला मी साडी उलगडून दाखवत होते ती! काही न घेता गेली, असं नंतर सुनेने सांगितलं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कुणी असं गुंडाळलं नव्हतं आणि जिने गुंडाळलं तिने जन्मात कधी काही विकलेलं नाही.

पण डोकं तापलं तरी माझं धंद्याचं डोकं चालूच राहतं. दोघी पुण्याला गेल्या तर तिथे मी जाणार नाही. दोघी परभणीला आल्या तर नातू काखेत घेऊन ही येणार नाही. जिच्याकडे जोडी, तिला दुसरीची गरजच उरत नाही.

"अक्का," मी म्हटलं, "एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं."

"जोडी फोडायची?"

"एकटी महालक्ष्मी कुणी बसवत न्हाई. बसवायची तर दुसरीला यावंच लागंल. घेऊन तूच यावं लागंल, न्हाईतर मी. आता बोल."

अक्का घुटमळली. सासूबाईंनी कधी एक मुखवटा वेगळ्या कापडातसुद्धा ठेवला नव्हता. बाई हात धुवायला मागे आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं आणि ते लपवायची तसदीही घेतली नाही. "तुम्हीच सांगता ना," त्या म्हणाल्या, "त्या आपापल्या घरून येतात, तीन दिवस राहतात आणि जातात. मग उरलेलं वर्ष एका पेटीत कशाला कोंडता त्यांना?"

अक्काने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थोरली कुणाकडं?"

"माझ्याकडं."

"तू धाकटी हाईस."

"म्हणूनच. जन्मभर धाकटी सांभाळली, आता थोरलीचा मान बघू दे की."

"ने," ती म्हणाली. "मला बी धाकटीच पाहिजे होती. तापट हाय, नजरेसमोर असलेली बरी."

विसर्जनाच्या दिवशी आम्ही सोळा गाठींचे दोरे, त्यांना आमच्याकडे पोते म्हणतात, ते एकमेकींच्या गळ्यात बांधले. दोघींवर अक्षता टाकल्या, मुखवटे जागेवरून जरासे हलवले आणि बायकांनी एका सुरात "पुढच्या वर्षी या" म्हटलं. अक्काने थोरलीचा मुखवटा तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिला तेव्हा तिचा हात लवकर सुटेना. मीही ओढला नाही.

परभणीत आल्यावर सून म्हणाली, "आई, यंदा गिऱ्हाईक लय आलं. आणि कुणीच भांडलं न्हाई." थोरलीला देवघरात ठेवलं. दुकान आता सकाळी अर्धा तास उशिरा उघडते. त्या अर्ध्या तासात मी बसून काय करते हे सुरतवाल्याने विचारलं, तेव्हा त्याला भाव पाडायची तयारी करते असं सांगितलं.

त्या वाक्याची माफी अक्काने मागितलेली नाही आणि मीही ते सोडलेलं नाही. दिवाळी झाल्यावर तिचा पुण्याहून फोन आला. मागे नातू रडत होता.

"थोरली बरी हाय का?"

"बरी हाय. धाकटी?"

"तिला इथं करमत न्हाई. दहाव्या मजल्यावर उंबऱ्याला पाऊल काढलं तर बघायला कुणी न्हाई. पुढच्या वर्षी ताडकळसचंच घर उघडायचं."

"परभणीला बसवायच्या."

"ताडकळस."

"एक वर्ष परभणी, एक वर्ष ताडकळस."

"ताडकळस."

"अगं, खालीवर हो की जरा!"

"बरं," अक्का म्हणाली, "पुढच्या वर्षी परभणी. पण फोन मी तुझ्या थोरलीच्या पोटातच ठेवणार."

जन्मात पहिल्यांदा ती भावात खाली उतरली होती. मी लगेच हो म्हणून टाकलं. तिने विचार बदलायच्या आत मी फोन ठेवला आणि सुनेला सांगितलं, कोठ्या बनवणाऱ्या लोहाराला निरोप धाड. दोन पाहिजेत आणि पोटाला मोठ्या पाहिजेत.